वेलिंग्टनचें एक लांकडी पांथगृह

ऐतिहासिक वास्तु म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ला, देवालय किंवा राजवाडा उभा राहतो. ज्या घरांत कोणी राज्य केलें नाहीं, कोणी तह केला नाहीं, केवळ वाटसरूंनीं रात्रीपुरती पाठ टेकली, त्या घरास इतिहासांत स्थान तें कोणतें, अशी शंका विद्वानांसहि येते. या शंकेचा विचार करण्यास न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन येथील 'थिसल इन' हें जुनें मद्यगृह व पांथगृह चांगलें उपयोगी पडेल.

थिसल हें स्कॉटलंडचें मानचिन्ह असलेलें कांटेरी फूल. ब्रिटिश वसाहतवाल्यांनीं या बंदरांत वस्ती केली ती १८४० सालीं. त्याच वर्षीं हें पांथगृह निघालें. मूळचें घर १८६६ सालीं आगींत भस्मसात् झालें आणि त्याच वर्षीं सध्यांची दुमजली लांकडी इमारत उभी राहिली. तिला ना घुमट, ना मनोरा. फळ्यांच्या भिंती आणि सरळ खिडक्या एवढेंच तिचें वैभव.

परंतु हें लांकूड केवळ दारिद्र्याचें लक्षण नव्हे. १८४८ च्या भूकंपांत वेलिंग्टनच्या विटांच्या इमारतींची दुर्दशा झाली. पुढें २३ जानेवारी १८५५ रोजीं त्याहूनहि भयंकर धक्का बसला. लांकडी घरें करकरलीं, वांकलीं, पण बहुतेक उभीं राहिलीं. शहरांत दगावला तो एकच मनुष्य, आणि तो बॅरन आल्झडॉर्फ नांवाचा हॉटेलवालाच होता; विटांचें बांधकाम कोसळून त्याचा अंत झाला. हा धडा नगरवासीयांनीं दीर्घकाळ गिरविला. थिसलच्याच रस्त्यावरील जुनें सेंट पॉल मंदिर १८६६ चें व लांकडीच. जवळचें प्रचंड सरकारी कचेरीगृह १८७६ चें, तेंहि लांकडी. मात्र कचेरीच्या लांकडास दगडाचें सोंग दिलेलें आहे. पांथगृहानें असलें कोणतेंच सोंग घेतलेलें नाहीं. म्हणून भूकंपभीतीचा साक्षीदार या नात्यानें त्याचें मोल अधिक, असें मला वाटतें.

दुसरी साक्ष जागेची आहे. १८५५ च्या भूकंपानें किनारा सुमारें ५ फूट वर उचलला गेला, पुढें भराव घालून समुद्र हटविण्यांत आला, आणि एके काळीं लाटांच्या शेजारीं असलेलें हें पांथगृह शहराच्या पोटांत गेलें. खलाशांचें विश्रांतिस्थान पाण्यापासून इतकें दूर कां, हें विचारलें कीं नगराचा भूगोल आपोआप उलगडतो.

अशा घराभोंवतीं आख्यायिका जमतात, त्या मात्र पारखून घेतल्या पाहिजेत. माओरी सरदार ते राउपाराहा आपली होडी किनाऱ्यास लावून येथें मद्य घेण्यास येई, असें सांगतात. परंतु तो १८४९ सालीं वारला. तेव्हां ही कथा खरी असलीच तर ती जागेची होय, सध्यांच्या इमारतीची नव्हे. उलट, याच नगरांत जन्मलेल्या कॅथरीन मॅन्सफील्ड यांच्या १९०७ सालच्या एका कथेंत थिसल हॉटेलाचें नांव स्पष्ट आलेलें आहे. वाङ्मयाचा हा पुरावा दंतकथेहून बळकट.

कोणी म्हणेल, मूळ घर जळालें, फळ्याहि बदलल्या असतील. मग जुनेंपण उरलें कोठें? याला उत्तर असें कीं, फळी बदलणें हा लांकडी घराचा जीवनधर्मच आहे. आपले जुने वाडेहि तसेच जगले. न्यूझीलंडांत १९१७ पासून १९६७ पर्यंत मद्यगृहें सायंकाळीं सहा वाजतां बंद करण्याचा निर्बंध होता. आग आणि असे निर्बंध सोसून जी वहिवाट टिकली, तीच येथें रक्षणीय वस्तु आहे. मुंबईचें सरदारगृह हेंहि उतारूंचेंच घर. परंतु १९२० सालीं लोकमान्यांनीं तेथें देह ठेवला म्हणून तें आपल्या ध्यानांत राहिलें. ज्यांना असा थोर अतिथि लाभला नाहीं, त्यांचें काय?

सेंट पॉल मंदिर पाडण्याचा बेत झाला तेव्हां त्याचा कैवार घेणारे नागरिक पुढें आले, आणि १९६७ सालीं सरकारनें तें विकत घेतलें. देवालयास कैवारी मिळतात. पांथगृहास ते क्वचित् मिळतात, आणि तें एकदां पाडलें कीं त्याचा पत्ताहि उरत नाहीं. केवळ भव्य तेवढेंच राखलें, तर पुढील पिढ्यांस सत्ताधाऱ्यांचा दरबार दिसेल. दिवसभर राबलेला सामान्य मनुष्य रात्रीं कोठें विसांवला, हें मात्र कळणार नाहीं.