रस्त्यावरील मोठी जनावरे : धोका आणि भरपाई

चंदीगडलगतच्या पंजाब आणि हरियाणातील ग्रामीण रस्त्यांवर मोकाट गाई-बैल आणि नीलगायी अनेक गंभीर अपघातांस कारणीभूत ठरतात. नीलगाय म्हणजे विदर्भात रोही या नावाने परिचित असलेला प्राणी. पूर्ण वाढ झालेल्या नराचे वजन २०० किलोहून अधिक असू शकते. त्याचे पाय उंच असल्याने मोटारीची धडक पायांना बसते आणि अवजड धड पुढील काचेवर आदळते. दुचाकीस्वारास तर कोणताच आडोसा नसतो.

संधिप्रकाशात, रात्री आणि हिवाळ्यातील धुक्यात धोका वाढतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. त्यामुळे अशा वेळी वेग कमी ठेवणे, हाच मुख्य उपाय होय. जनावर चुकविण्यासाठी वाहन एकाएकी वळविल्यास ते उलटण्याची किंवा झाडावर आदळण्याची भीती असते.

अशा अपघातात भरपाई मागण्यास दुसरे वाहन नसते आणि मोकाट जनावराचा मालकही बहुधा सापडत नाही. या पार्श्वभूमीवर पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १९३ याचिकांवर निकाल देताना, भरपाईची प्राथमिक जबाबदारी राज्याची असल्याचे स्पष्ट केले. दोन्ही राज्ये आणि चंदीगडमध्ये उपायुक्तांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमाव्यात आणि आवश्यक कागदपत्रांसह आलेल्या दाव्यांवर चार महिन्यांत निर्णय द्यावा, असे आदेशही न्यायालयाने दिले. घटनेची माहिती मिळताच पोलिसांनी विनाविलंब नोंद करणे बंधनकारक आहे. भरपाईच्या दाव्यासाठी ही नोंद महत्त्वाची ठरते.