वादळ जात पाहत नाही, नोंदवही पाहते

निसर्ग भेदभाव करत नाही, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. वादळ निवडून मारत नसेल. मोजणारे मात्र निवडून मोजतात. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याचा टोर्नेडोंचा इतिहास हेच सांगतो.

7 मे 1840 रोजी नॅचेझ शहरावर टोर्नेडो आदळला. अधिकृत मृत 317, बहुतेक नदीतल्या होड्यांवरचे. मळ्यांवर राबणारे गुलाम या आकड्यात धरलेच नसावेत, असे अभ्यासक मानतात. मालकाच्या लेखी ती मालमत्ता होती.

1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. 5 एप्रिल 1936 च्या रात्री त्याच राज्यातले ट्युपेलो उद्ध्वस्त झाले. मृत 216, हा आकडा आजही छापला जातो. पण जखमी कृष्णवर्णीयांची नावे वृत्तपत्रांनी छापली नाहीत. त्यांतले पुढे किती दगावले, याचा हिशेबच उरला नाही. कायदा बदलला, नोंदवही बदलली नाही.

जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहिले. हे नाते फक्त भाषणात मिरवायचे नाही. पूर-वादळानंतर पंचनामा आपल्या वस्तीपर्यंत पोहोचतो का, हे आपण तपासू. मृत-जखमींची यादी आपण स्वतः करू. ज्याची नोंद नाही, त्याला भरपाई नाही आणि इतिहासही नाही.

जय भीम!