रांगेतला वेळ

गेल्या महिन्यात एक ऑनलाइन फॉर्म भरायला बसलो होतो. शेवटचा दिवस. पान अर्धं उघडायचं आणि ते गोल चक्र फिरत राहायचं. वैतागून पुतण्याला फोन लावला. तो पुण्यात सर्व्हरच्या कामात आहे. म्हणालो, "अरे, यांचा सर्व्हर बंद पडलाय वाटतं." तर म्हणतो कसा, "काका, बंद नाही पडलेला. रांग लागलीय."

तो दिवसभर करतो काय, हे मला तोवर नीट कळलंच नव्हतं. त्याचं काम म्हणजे सर्व्हर हळू का चालतो ते शोधून काढणं, आणि त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअरं असतात. मग मी त्याच्याकडून काही नावं घेतली आणि वाचत सुटलो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय!

आश्चर्य म्हणजे या गोष्टीची सुरुवात कॉम्प्युटरच्या आधी होते, आणि तीही एका शाळामास्तरापासून. डेन्मार्कमधले आग्नेर क्रारुप एरलांग काही वर्षं शाळेत शिकवत होते. १९०८ साली ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गेले. एक्सचेंजमध्ये किती लाइनी ठेवल्या म्हणजे लोकांना फार ताटकळावं लागणार नाही, हा तिथला प्रश्न होता. १९०९ मध्ये त्यांनी त्यावर पहिला निबंध लिहिला, आणि रांगांचं गणित तिथून उभं राहिलं.

हे गणित मला पुतण्याने रेशनच्या दुकानावरून समजावलं. गिऱ्हाइकं आपल्या लहरीने येतात, आणि एकाला सरासरी एक मिनिट लागतं. दुकानदार निम्मा वेळ कामात असेल तर आपण सरासरी दोन मिनिटांत बाहेर. तो शेकडा ९० वेळ कामात असेल तर दहा मिनिटं, आणि ९५ असेल तर वीस! काम वाढलं जेमतेम पाच टक्के, आणि वेळ दुप्पट. मी तीनदा आकडेमोड करून पाहिली. बरोबर आहे. शेवटच्या दिवशी फॉर्म का अडकतो ते कळलं (राग मात्र गेला नाही).

कॉम्प्युटरवरची रांग मोजायची पद्धतही जुनी आहे. अमेरिकेत टेनेक्स नावाची एक प्रणाली होती. एकच यंत्र अनेकजण वाटून वापरायचे. ऑगस्ट १९७३ च्या एका टिपणात, आरएफसी ५४६ मध्ये, जुलै महिन्यातल्या तिच्या 'लोड अ‍ॅव्हरेज'ची नोंद आहे. किती कामं चालू आहेत आणि किती खोळंबली आहेत, त्याची ही सरासरी. पुतण्या आजही सकाळी आधी हेच आकडे बघतो. गेल्या एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा आणि पंधरा मिनिटांचा, असे तीन. आमच्या घरी ताप आला की आई आधी कपाळाला हात लावून बघायची, त्यातलाच प्रकार. ताप आहे हे कळतं. कशामुळे, ते नाही.

कशामुळे, हे शोधण्याचा इतिहास मला जास्त आवडला. १९७१ साली डोनाल्ड कनूथ यांनी लोकांचे फोरट्रान भाषेतले प्रोग्रॅम तपासून दाखवलं की साधारणपणे प्रोग्रॅमचा ४ टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून जास्त वेळ खातो. कुठला भाग, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. १९८२ मध्ये बर्कलीत सुझन ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल मॅक्युझिक यांनी 'जीप्रॉफ' काढलं. कुठल्या भागात किती वेळ गेला आणि त्याला तिथे कामाला कोणी लावलं होतं, दोन्ही त्यात दिसू लागलं.

पण खरी रंगतदार गोष्ट सन मायक्रोसिस्टिम्सची. डिसेंबर १९९७. कंपनीने ६४ प्रोसेसरचं एक अजस्र यंत्र आणलं होतं. त्याची वेगाची चाचणी चालू असताना मधेच काम जवळजवळ थांबायचं, काही मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचं. मोठमोठे इंजिनियर दिवसरात्र शोधत बसले. शेवटी निघालं काय, तर चाचणीतलं दुसरंच एक यंत्र चुकीच्या मांडणीमुळे राउटरचं, म्हणजे टपालवाटपाचं, काम करत होतं. दोष भलतीकडे आणि तपासणी मोठ्या साहेबाची! त्यातल्या ब्रायन कँट्रिल यांच्या मनाला हे लागलं. पुढे माइक शपिरो आणि अ‍ॅडम लेव्हेंथल यांच्याबरोबर त्यांनी 'डीट्रेस' तयार केलं. २००५ च्या सोलारिस १० मध्ये ते लोकांच्या हाती आलं. चालू यंत्र न थांबवता त्याला हवा तो प्रश्न विचारायचा, ही त्याची करामत.

त्याच कंपनीतल्या ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस डिस्कच्या कपाटांसमोर उभं राहून चक्क आरडाओरडा केला, आणि त्या आवाजाच्या हादऱ्याने डिस्क मंदावल्याचं पडद्यावरच्या आलेखात दिसलं. तो व्हिडिओ जरूर बघा.

मला तो बघताना हसू आलं, आणि मग एकदम एक मुलगा आठवला.

१९८३-८४ चं वर्ष असेल. सकाळची शाळा, पहिला तास माझा, मराठीचा. हा मुलगा रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा यायचा. मी त्याला दाराबाहेर उभं करायचो. ओरडायचोही, आणि आवाज तेव्हा खणखणीत होता. तो काही बोलायचा नाही. मी समजून चाललो की पोरगा आळशी आहे. दिवाळीनंतर तो यायचाच बंद झाला, म्हणून त्याच्या वस्तीत गेलो. तिथे सगळ्यांना मिळून एकच नळ. पाणी साडेसहाला यायचं, आणि त्याची आई त्याआधीच कामावर गेलेली असायची. हंडे भरायचं काम याचं. नळासमोर भांड्यांची ही रांग. त्याचा नंबर लागून हंडे घरात जाईपर्यंत शाळेची घंटा होऊन जायची.

तोपर्यंत तो एका गॅरेजमध्ये कामाला लागला होता. परत आला नाही.

हजेरीपटात त्याच्या नावापुढे मी लाल शाईने 'उशीर' लिहीत असे. किती वाजता आला, ते एकदाही लिहिलं नव्हतं.