काळ्या जमिनीतला कोरम

परभणीतल्या आमच्या सेवा क्लबची मासिक बैठक सातची. साडेसातला सचिव दारातल्या चपलांचे जोड मोजतात. सदस्य छत्तीस, नियम एक तृतीयांशाचा, म्हणजे बारा हवेत. जोड अकरा. मग फोन जातो, "काका, निघालात का? कोरमपुरतं तरी या." काका येतात, रजिस्टरवर सही करतात आणि उंबऱ्यातच उभं राहून मोबाइलवर बोलू लागतात. रक्तदान शिबिराची तारीख मंजूर होते.

या काकांना मोजायचं की नाही, या एका प्रश्नाने मला शब्दाच्या मागे लावलं.

'कोरम'चं घराणं सरळ आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'ज्यांच्यापैकी'. इंग्लंडात न्यायाधीशांच्या नेमणूकपत्रात काही नावं देऊन लिहीत, की यांच्यापैकी एक तरी हजर असल्याशिवाय काम चालू नये. म्हणजे मुळात कोरम ही डोक्यांची संख्या नव्हती, ती खास माणसं होती. पुढे वकिलांनी शब्द कंपन्यांत, नगरपालिकांत नेला. १९०५ साली शिकागोत रोटरी सुरू झाली, तिच्यासारखे क्लब आपल्याकडे आले आणि नियमांच्या पुस्तकातून तो गावोगाव पोचला.

मला गुंतवलं ते 'गणपूर्ती'ने. राज्यघटनेच्या शंभराव्या कलमाच्या अनुवादात हा शब्द आहे, तिथे सभागृहाची गणपूर्ती एक दशांश. ग्रामसभेच्या नोटिशीतही तो असतो: पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतलं जे कमी असेल ते. सर्वसाधारण समज असा, की नागपुरात परिभाषेची टाकसाळ चालवणारे डॉ. रघुवीर आणि त्यांच्या पठडीतल्या पंडितांनी तो संस्कृतातून पाडला. गण अधिक पूर्ती, झाला शब्द. हे मला पटत नाही. पाली विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, 'गणपूरक' आधीच बसलेला आहे. भिक्खुसंघाच्या सभेत संख्या भरून काढणारा तो गणपूरक. इतिहासकार काशीप्रसाद जयस्वालांनी १९२४च्या 'हिंदू पॉलिटी'त तो उजेडात आणला, आणि २५ नोव्हेंबर १९४९ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत सांगितलं, की ठराव, कोरम, मतमोजणी हे सगळं संघाला माहीत होतं. ज्या सभागृहात हे बोललं गेलं, त्याच सभागृहाच्या घटनेच्या अनुवादात गणपूरकाचा सख्खा भाऊ यावा, याला मी योगायोग म्हणणार नाही. परिभाषाकारांनी जयस्वाल वाचले होते, असा माझा पक्का कयास आहे. जयस्वालांचं एक मात्र मी मानत नाही. त्यांनी गणपूरकाला पक्षाचा प्रतोद करून टाकलं. मूळ जागी तो साधा माणूस आहे, संख्या कमी पडू नये म्हणून येणारा. आमचे काकाच.

खरा धक्का पुढे बसला. पूर्णेच्या बुद्धविहारात एका भन्तेंना विचारलं, की किती भिक्खू लागतात? ते म्हणाले, "कामावर आहे. साध्या कामाला चार, उपसंपदेला, म्हणजे भिक्खू करून घ्यायला, दहा, संघात परत घ्यायचं तर वीस. पण आपल्या भागात उपसंपदेला पाच चालतात." आपल्या भागात का? त्यांनी विनयपिटकाच्या महावग्गातली सोण कुटिकण्णाची गोष्ट सांगितली. अवंतीत महाकच्चानांचा हा शिष्य. त्याला भिक्खू व्हायचं होतं आणि दहाजण जमेनात. जमवाजमव करता करता तीन वर्षं गेली! पुढे सोण श्रावस्तीला बुद्धांकडे गेला तेव्हा गुरूंनी पाच मागण्या बरोबर दिल्या. पहिली कोरमची. दुसरी जाड तळाच्या वहाणांची, कारण तिकडची जमीन वरून काळी, टणक आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली. माघात आमच्या रानातून एकदा चालून बघा. तुरीच्या धसकटांमधली ढेकळं चपलेतूनही टोचतात.

अवंती म्हणजे माळवा, परभणीचा काय संबंध, असं एका अभ्यासू मित्राने खोडून काढलं. माळव्याची जमीनही काळीच, हे कबूल. पण मूळ शब्द 'अवंती-दक्खिणापथ' असा जोड आहे, आणि पाचांची सवलत सगळ्या सीमाभागाला मिळाली. मध्यदेशाची, म्हणजे दहांचा नियम असलेल्या मुलखाची, दक्षिणेची शीव सेतकण्णिक गावाशी संपते. त्यापलीकडे सगळाच सीमाभाग. सुत्तनिपातातला बावरी ब्राह्मण गोदावरीकाठी अस्सकांच्या मुलखाजवळ राहत होता. तीच गोदावरी पाथरी, गंगाखेडवरून वाहते. तेव्हा माणसं जमत नाहीत म्हणून कोरम खाली आणण्याची ती जुनी सवलत आपल्यालाही लागू होते.

पुढे याच भागात निजामाच्या राज्यात अडचण उलटी होती. माणसं होती, परवानगी नव्हती. १९२९च्या गश्ती निशाण ५३ या फर्मानाने जाहीर सभांवर बंधन आलं. तरीही १९३७ला, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात असलेल्या परतूरला, महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं.

आता काकांकडे येतो. भिक्खुसंघाचा नियम बारीक आहे. ज्याच्या प्रकरणाचा निर्णय व्हायचा, तो संख्येत धरत नाहीत. आजारी भिक्खू निरोपाने संमती पाठवू शके. त्या संमतीचं नाव 'छंद'. आपण चित्रं काढण्याला, गाण्याला छंद म्हणतो तो हाच शब्द, मूळ अर्थ इच्छा. म्हणजे ग्रुपवर 'माझी संमती धरा' लिहिणारे आमचे सदस्य छंद पाठवतात. त्याने संमती पोचते, डोकं मोजलं जात नाही. मोजायचा तो हत्थपासात, हाताच्या अंतरात बसलेला हवा. विनयावरच्या अट्ठकथेत, म्हणजे टीकाग्रंथात, हे अंतर अडीच हात दिलं आहे.

मागच्या बैठकीत मी उंबऱ्यापासून सतरंजीच्या कडेपर्यंत हाताने मोजलं. चार हात भरले. सचिवांनी काकांना आत बोलावलं, मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि मग शिबिराचा ठराव पुन्हा वाचला. यंदा पाऊस चांगला झाला आहे. बाहेर बारा जोडांखाली काळ्या चिखलाचे ठसे होते.