शीख धर्म कसा पसरला? पहिले अनुयायी कोण होते, जाणून घ्या

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे आपल्या भागात शीख धर्म सगळ्यांना माहीत आहे. पण त्याची सुरुवात कशी झाली, पहिल्यांदा कोणकोण सामील झालं, हे फार जणांना माहीत नसतं. 'शीख' म्हणजे शिष्य, शिकणारा.

घरापासून सुरुवात
गुरू नानकांचा जन्म १४६९ साली तलवंडीत झाला. हे गाव आज पाकिस्तानात असून त्याला ननकाना साहिब म्हणतात. त्यांची थोरली बहीण बेबे नानकी ही पहिली अनुयायी मानली जाते. गावचे मुसलमान जमीनदार राय बुलार हेही सुरुवातीच्या भक्तांपैकी. रबाब वाजवणारे भाई मरदाना मुसलमान मिरासी समाजाचे. गुरूंसोबत ते गावोगाव फिरले.

शेती आणि लंगर
शेवटची वर्षं गुरू नानक रावीकाठच्या करतारपूरला राहिले. तिथे ते स्वतः शेती करायचे. देवीचे भक्त असलेले भाई लहणा तिथेच त्यांना येऊन मिळाले. १५३९ मध्ये गुरू नानकांनंतर गादी मुलांकडे न जाता लहणांकडे गेली. तेच दुसरे गुरू अंगददेव.

तिसरे गुरू अमरदास यांनी नियम घातला की आधी पंगतीत जेवायचं, मगच गुरूंची भेट. ज्या काळात जात बघून पाणी दिलं जायचं, त्या काळात सगळ्यांनी एका ओळीत बसून जेवणं ही लहान गोष्ट नव्हती. त्यांनीच प्रचारासाठी २२ 'मंजी' म्हणजे केंद्रं नेमली. पुढे मसंद नावाचे प्रतिनिधी गावोगाव जाऊन उपदेश करायचे आणि लोकांनी दिलेलं दान गुरूंकडे पोचवायचे. पंजाबातले जाट शेतकरी मोठ्या संख्येने आले. नंतर काही मसंद पैसा खाऊ लागले, तेव्हा दहावे गुरू गोविंदसिंग यांनी ती पद्धतच बंद केली.

पंचप्यारे कुठले?
१६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी शिर मागितलं, तेव्हा पाच जण उठले. परंपरेनुसार लाहोरचे दयाराम खत्री, हस्तिनापूरचे धरमदास जाट, जगन्नाथपुरीचे हिंमतराय पाणी भरणारे, द्वारकेचे मोहकमचंद शिंपी आणि बिदरचे साहिबचंद न्हावी. हे बिदर म्हणजे आपल्या उदगीरच्या पुढचंच! गुरूंनी या पाचांना अमृत दिलं आणि मग त्यांच्याच हातून स्वतः घेतलं.

आपलं नातं
संत नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातल्या घुमान गावी त्यांचं स्थान असून २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला. त्याआधी ग्रंथसाहिबालाच गुरू मानायला सांगितलं.

नांदेडला गेलात तर डोकं झाकून लंगरात जरूर बसा. तिथे जात, गाव, धर्म कुणी विचारत नाही.