शिकमीदाराचा नातू

पूर्वजांचा शोध घेणाऱ्याला लिपी अडवते, असा समज आहे. मोडी वा उर्दू वाचून देणारा भेटला की काम झाले! गडचांदूर परिसरातील जुन्या महसुली कागदांपुरते बोलायचे तर खरी अडचण लिप्यंतरानंतर सुरू होते.

हा परिसर म्हणजे जुना राजुरा तालुका. हैदराबाद संस्थानात तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली नांदेडला व १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. वर्धा नदीपलीकडे इंग्रजी अंमल. त्यामुळे एकाच घराण्याची एक शाखा तिकडच्या दप्तरात मालगुजाराचे कूळ, तर दुसरी इकडे पट्टेदार, असे होऊ शके. सनही निराळा. फसली १३५६ हे वर्ष ऑक्टोबर १९४६ मध्ये सुरू झाले.

'वल्द' म्हणजे मुलगा, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामागे 'ला' लागला की अर्थ होतो निपुत्रिक. तो 'ला' वाचायचा राहिला, तर निपुत्रिक वारलेल्या चुलत्याला कागदावर वारस जन्मतो.

याहून फसवा शब्द 'शिकमीदार'. फारसीत शिकम म्हणजे पोट. म्हणून आपण सरळ 'पोटकूळ' असा अर्थ लावतो. परंतु हैदराबादच्या १३१७ फसलीच्या जमीन महसूल कायद्यात शिकमीदार हा पट्टेदारासारखाच जमिनीत हक्क असणारा; खंडाने कसणारा तो 'असामी शिकमी'. हा भेद न जाणणारा नातू आपल्या हिस्सेदार आजोबांना कूळ ठरवून मोकळा होतो. जर्मनीतील वंशशोधकांचीही हीच गत : 'फेटर' आज चुलतभाऊ, पूर्वी चुलता. एका शब्दाने सबंध पिढी सरकते.

ही केवळ हौशी संशोधकांची चिंता नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बिगर-आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. गडचांदुरात हा हिशेब १९३० पर्यंत, थेट निजामी दप्तरात जाऊन पोहोचतो. तिथे नजर शेताच्या नोंदीवर खिळते. पण रहिवास सांगणारा शब्द नावापुढचा 'साकीन' असतो, आणि शेताचे गाव व साकीनचे गाव एकच असेल असे नाही. नियमांनी गावातील वृद्धांचा लेखी नोंदवलेला जबाबही पुराव्यात धरला आहे. तो घेताना 'शेत कुठे होते' याआधी 'चूल कुठे होती' हे विचारलेले बरे.