दिनविशेष : ६ फेब्रुवारी – बशीर अहमद स्मृतिदिन
स्कॉटलंडच्या संसदेतील पहिले मुस्लिम सदस्य बशीर अहमद यांचे २००९ मध्ये आजच्या दिवशी निधन झाले. जन्म १९४० चा, अमृतसरचा. पुढे कुटुंब पाकिस्तानात गेले. १९६१ मध्ये, एकविशीत त्यांनी ग्लासगो गाठले. तिथे बस कंडक्टर, मग चालक आणि नंतर दुकानदार झाले. १९९५ मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठी आशियाई रहिवाशांची संघटना उभारली. आपण कुठून आलो यापेक्षा सगळे मिळून कुठे जाणार हे मोलाचे, ही त्यांची भूमिका आजही तितकीच खरी आहे. २००३ मध्ये ते नगरसेवक, तर २००७ मध्ये संसद सदस्य झाले. शपथ त्यांनी इंग्रजीसह उर्दूतही घेतली. त्यांचे तरुण सहायक हमझा युसूफ २०२३ मध्ये स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर झाले.